विश्लेषण : ‘हेल्दी’ गोठवलेली थाळी खाऊनही पोट का भरत नाही?

सोनपेठहून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या तरुणांना आता भाकरीच्या डब्यासाठी एसटीची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर मागवले की गोठवलेल्या चपात्या, पराठे, अगदी भाजी-भाताची तयार थाळीही दारात येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद चपाती आणि पराठ्यावरील जीएसटी शून्य झाला आहे. मात्र ‘हेल्दी’, ‘कमी कॅलरी’ असे वाचून घेतलेली थाळी संपवल्यावर दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात बिस्किटांच्या पुड्याकडे जातो, हा अनुभव अनेकांचा आहे. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

दोन तासांत भूक का लागते?

पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये ‘लीन क्यूझिन’ ही गोठवलेल्या जेवणाची मालिका बाजारात आली, ती ३०० पेक्षा कमी कॅलरींच्या आश्वासनावर. तेव्हापासून गोठवलेल्या जेवणात ‘हेल्दी’ म्हणजे ‘कमी’ असे समीकरण रुळले. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने दुपारी ३०० कॅलरी खाल्ल्या, तर ते जेवण नव्हे, भरपेट नाश्ताही नव्हे.

पण कॅलरी हे एकच कारण नाही. सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांची तुलना केली. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींइतका दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेले वाटते, याची नोंद घेतली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले आणि भरपूर लोणी घातलेल्या क्रोसाँ या बेकरी पदार्थाला अवघे ४७. कॅलरी तेवढ्याच, तृप्ती जवळपास सातपट! २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा ताटभर होतो; क्रोसाँ चार घासांत संपतो. अन्नाचे वजन, त्यातले पाणी, तंतू आणि प्रथिने यांवर तृप्ती ठरते.

खाण्याच्या वेगाचाही परिणाम होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या अन्नातील कॅलरी, साखर, मेद आणि तंतू सारखेच होते. हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. मऊ अन्न चावावे लागत नाही, त्यामुळे ‘पुरे’ हा निरोप मेंदूला पोहोचण्याआधीच डबा रिकामा होतो.

दोष गोठवण्याचा आहे का?

नाही. उणे १८ अंशांवर ठेवलेला मटार पोषणाच्या दृष्टीने ताज्या मटाराच्या फार मागे नसतो. प्रश्न पाकिटात काय आणि किती भरले आहे, याचा आहे.

पाकिटावर काय वाचावे?

पुढची बाजू सोडून मागची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. तीन जेवणांत वाटले तर प्रत्येकी १६-१७ ग्रॅम. थाळीत ७-८ ग्रॅमच असतील, तर उरलेली बाहेरून घालावी लागणार.

तंतूंचे तसेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीन ग्रॅमपेक्षाही कमी. त्यामुळे घटकांच्या यादीत पहिले नाव कोणाचे आहे, हे पाहणे महत्त्वाचे. जो घटक सर्वाधिक, त्याचे नाव आधी, असा नियम आहे. ‘मल्टिग्रेन’ पराठ्याच्या यादीत मैदा पहिला असेल, तर बाकीची धान्ये नावापुरतीच समजावीत.

मग थाळीत काय वाढवावे?

मूठभर कच्ची डाळ (सुमारे ३० ग्रॅम) शिजवली की सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून साधारण तेवढीच. गोठवलेला मटार १०० ग्रॅम घेऊन थाळीसोबतच गरम केला, तर सुमारे पाच ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू. मोड आलेली मटकी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, वाटीभर दही हे तर खोलीवर राहणाऱ्यालाही जमते. शेंगदाण्याचे कूट चालेल, पण चमचाभर. त्यात कॅलरी दाटून भरलेल्या असतात.

लोणचे आणि पापड मात्र टाळलेले बरे. दिवसभरात पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा आहे आणि तयार थाळीत त्यातला मोठा वाटा आधीच येऊन बसलेला असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

कराचे गणित काय सांगते?

इथे खरी गंमत आहे. २०२० मध्ये कर्नाटकातील कर प्राधिकरणाने पराठा म्हणजे रोटी नव्हे, असे ठरवून त्यावर १८ टक्के कर लावला होता आणि देशभर थट्टा झाली होती. आता तोच पराठा, मैद्याचा असला तरी, करमुक्त आहे. पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद डाळींवर लागू झालेला पाच टक्के कर या फेरबदलात हटला नाही. पाकीटबंद ज्वारीच्या पिठावरही पाच टक्केच. सुटे घेतले तर दोन्ही करमुक्त. म्हणजे थाळीतला कमी भरीचा भाग सवलतीत आणि भर घालणारा भाग करपात्र.

परभणीची ज्वारी पाकिटात का नाही?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने विकसित केलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. तरीही शहरी फ्रीजरमध्ये ज्वारीची भाकरी क्वचितच दिसते. ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकरी थंड झाली की वातड होते, चिरते. मैद्याचा पराठा गोठवून, वितळवून, पुन्हा भाजूनही लवचीक राहतो. उद्योगाने सोयीचे पीठ निवडले.

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावासाठी आणखी एक अडचण आहे. कारखान्यापासून दुकानापर्यंत उणे १८ अंश टिकवायचे, तर वीज जाऊन चालत नाही. मात्र फ्रीजरशिवाय टिकणारे तयार अन्न या भागाला नवे नाही. सोलापूरची कडक भाकरी महिनोन्महिने टिकते. मराठवाड्याच्या घरांत भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळून येसर करून ठेवतात. पाण्यात उकळले की दहा मिनिटांत आमटी. गोठवलेल्या भातावर ती वाटीभर ओतली, तर थाळीचे वजन वाढते आणि डाळही पोटात जाते. पुण्याला निघालेल्या मुलाच्या बॅगेत येसरचा डबा फ्रीजरविनाच जातो.