टॉवेल घ्यायला मोबाईल नंबर कायले पायजे?

मंडळी, गोष्ट छोटी आहे. छोटी छोटी म्हणतच आपण सोडून देतो, म्हणून लिहितो आहे. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात पुतणीला घेऊन आपल्या धामणगावातल्याच एका दुकानात गेलो होतो. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण हे भांडण एका दुकानाशी नाही. दोन टॉवेल, एक चादर. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "नंबर सांगा."

मी म्हटलं, "कायले?"

"नंबराशिवाय बिल बनत नाही ना काका."

मी पुढं काही बोलायच्या आत पुतणीनं तिचा नंबर सांगून टाकला. दुकानात गाणी सुरू होती, त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं परत मोठ्यानं सांगितला. मागं रांगेत सात-आठ जण उभे.

संध्याकाळी तिच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून 'हाय' आलं. मग दुसऱ्या नंबरावरून. रात्री साडेअकराला कॉल. पोरीनं चार दिवस फोन बंद ठेवला. नंबर रांगेतल्यानं टिपला की दुकानातून गेला, याचा पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून कोणावर आरोप करत नाही. पण घरात पहिला प्रश्न तिलाच विचारला गेला, "तू कोणाले नंबर देल्ला?" मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. नंबर मागणारा राहिला बाजूला, आरोपी झाली पोरगी.

पुण्या-मुंबईत रांगेतला माणूस परत भेटत नाही. आपल्या गावात तो उद्या स्टेशनवर भेटतो, परवा कॉलेजच्या रस्त्यावर. इथं दहा आकडे मोठ्यानं सांगणं म्हणजे घराचा पत्ता भिंतीवर लिहिण्यासारखंच आहे.

त्याच रांगेत आमच्या मागं खेड्यातून आलेली एक म्हातारी मावशी होती. हातात रोख पैसे. तिला नंबर विचारला तर म्हणे, "मले नाई येत बाप्पा, फोन पोराजवळ असते." पोरगा दोन मिनिटं अडला. मग त्यानं काय केलं माहीत आहे? नऊचं बटण दहा वेळा दाबलं. बिल निघालं! म्हणजे 'बिल बनत नाही' हे खोटं आहे. मशीनला नंबर लागत नाही, फक्त दहा आकडे लागतात. नंबर लागतो तो मालकाच्या यादीला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. काही जण लगेच म्हणतील, जीएसटीचा नियम आहे म्हणून. नाही. साध्या गिऱ्हाइकाचं बिल ५० हजार रुपयांच्या आत असेल तर नाव-पत्तासुद्धा बिलावर सक्तीचा नाही. ५० हजार किंवा वर असेल तर नाव अन पत्ता लागतो. मोबाईल नंबर तिथंही लागत नाही.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं व्यापारी संघटनांना याच विषयावर सूचना काढली होती. तेव्हाचे सचिव रोहित कुमार सिंह यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की नंबर दिल्याशिवाय बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा आहे. २०१९ च्या त्या कायद्यात बिल न देणं हा दोष आहेच. गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती परस्पर दुसऱ्याला देणं हाही दोष आहे.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात दुकानाचंच उदाहरण दिलं आहे. बाईनं औषधाच्या दुकानात खरेदी केली अन पावती मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर दिला, तर दुकानदारानं तो पावती पाठवायला वापरावा. म्हणजे पावतीसाठी दिलेला नंबर पावतीपुरताच. सेल, ऑफर, लकी ड्रॉ यासाठी नाही. संमती घ्यायची तर ती मोकळी अन बिनशर्त पाहिजे, कशासाठी ते आधी सांगितलं पाहिजे, अन ते मराठीतूनही वाचता आलं पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोपर्यंत काय, हात बांधून नंबर वाटत बसायचं?

काही जण विचारतात, "कृषी केंद्रात युरिया घेताना आधार देता, मग इथं नंबर द्यायला काय होते?" प्रश्न चांगला आहे. खतावर सरकारचं अनुदान आहे. पोती खऱ्या शेतकऱ्याला गेली की नाही हे पाहायला ती मशीन आहे. तिथं कारण आहे अन जबाबदार कोण हेही ठरलेलं आहे. टॉवेलवर कोणतं अनुदान आहे? चादर कोणी काळ्या बाजारात नेणार आहे का?

दुसरे म्हणतात, "पॉइंट भेटतात, डिस्काउंट भेटते." भेटत असेल तर घ्या ना, ज्याला पाहिजे त्यानं जरूर घ्यावं. पण 'पॉइंट पाहिजेत का?' असं विचारणं वेगळं अन 'नंबराशिवाय बिल नाही' म्हणणं वेगळं. पहिला सौदा आहे, दुसरी जबरदस्ती.

तिसरे म्हणतात, "आपला नंबर तर सगळीकडं गेलाच आहे." घराचा एक दरवाजा मोडला म्हणून दुसरा उघडा टाकून झोपतो का आपण? २०२१ मध्ये डॉमिनोजसारख्या मोठ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते इंटरनेटवर फुटले. १८ कोटी ऑर्डरींची माहिती, अशा बातम्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सांभाळता आलं नाही, ते तालुक्याच्या दुकानातला एक कॉम्प्युटर सांभाळेल का? अन त्याचा पासवर्ड तर काउंटरवरच चिकटवलेला असतो!

काउंटरवरच्या पोरावर राग काढू नका. त्याला वरून सांगितलेलं असते. तो आपल्याच गावचा आहे, त्याची नोकरी आहे. राग पद्धतीवर काढा.

मग करायचं काय?

एक, "नंबर देत नाही, बिल द्या" एवढंच म्हणा. आवाज न चढवता. कारण सांगायची गरज नाही, कारण मागणाऱ्यानं सांगायचं असते.

दोन, अडवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. फोन मराठीतूनही करता येतो.

तीन, घरातल्या पोरींना अन म्हाताऱ्या माणसांना हे आधी सांगून ठेवा. नंबर न देणं म्हणजे उद्धटपणा नाही.

अन व्यापारी बंधूंना हात जोडून विनंती. यवतमाळची माणसं गाडीसाठी इथं उतरतात, खेड्यातला शेतकरी कापूस, सोयाबीन विकून तुमच्याच दुकानात येतो. पिढ्यान् पिढ्या तुम्ही गिऱ्हाईक नावानं अन चेहऱ्यानं ओळखत आले. वहीत उधारी लिहिली, पण कोणाचा आकडा चारचौघांत ओरडून विचारला नाही. तोच रिवाज ठेवा. नंबर हवाच असेल तर का हवा ते सांगा, कागदावर लिहू द्या, अन 'नाही' म्हटलं तर हसून बिल द्या.

आमची पुतणी परवा परत बाजारात गेली होती. दुसऱ्या दुकानात नंबर विचारला. म्हणाली, "नंबर नाही देत दादा." दादानं वर पाहिलं, एक बटण दाबलं अन बिल हातात दिलं.

बस, एवढंच होतं ते. पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली कॉमेंटमध्ये भांडा, पण स्वतःचा नंबर टाकू नका!