दाढेचे दुखणे आणि दिवसाची मजुरी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी पावसाळी धबधब्यामुळे मुंबईकरांना ठाऊक आहे. परंतु त्याच चिंचोटी-कामण परिसरातील गाळ्यांमधून राबणाऱ्या कामगाराची दाढ ठणकू लागली, तर त्याने कोठे जावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो दाढेखाली लवंग धरतो, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो आणि पुन्हा कामावर उभा राहतो.

ठणका थांबतो, रोग थांबत नाही. कीड नसेपर्यंत पोचून मुळाशी पू झाला, की गोळ्यांनी सूज तेवढ्यापुरती ओसरते. पुवाला वाट करून देणे, रूट कॅनॉल करणे किंवा दाढ काढणे यांवाचून रोगाचे मूळ जात नाही. सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे प्राणाशी गाठ असते.

मुंबईत अल्प खर्चात उपचार होतात, असे सांगितले जाते. ते खरे आहे. 1933 साली सुरू झालेले नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. पण नायगाव स्थानकापर्यंत रिक्षा, पुढे लोकल, मग रांग आणि पुन्हा पुढची तारीख! प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. स्वस्त उपचार आणि परवडणारा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2018 साली आलेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील उपचार तीत बसत नाहीत. म्हणजे दाढ वेळीच काढण्याची सोय नाही. पू गळ्यापर्यंत पोचल्यावर मात्र व्यवस्थेला जाग येणार! कामगार राज्य विम्याची तरतूद 1948 च्या कायद्यापासून आहे. परंतु ठेकेदाराने नावच नोंदविले नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

कार्यकर्त्यांपुढे म्हणूनच दोन कामे आहेत. गाळ्यागाळ्यांत जाऊन प्रत्येक पात्र कामगाराचा विमा क्रमांक आहे की नाही, हे पाहावे. नसेल तेथे नोंदणीसाठी झगडावे. आणि आरोग्य केंद्रांत दंतवैद्य व दाताची खुर्ची संध्याकाळी, पाळी सुटल्यानंतरही उपलब्ध असावी, अशी मागणी वसई-विरार महानगरपालिकेकडे करावी. मागणी लहान वाटेल. परंतु ज्याने दाढ धरून रात्र काढली आहे, त्याला ती लहान वाटणार नाही.