चिठ्ठी कोणी लिहिली?

देवापुढें चिठ्ठ्या टाकून संसारांतील अवघड प्रश्नांचा निकाल लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोंकणांत व गोमंतकांत ती कौलाच्या रूपानें आढळते. मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ लावावयाचे, आणि उजव्या बाजूची पाकळी पडली कीं देवाचा होकार समजावयाचा. या चालीचा उपहास करण्याचा आमचा विचार नाहीं. तें काम करणारे पुष्कळ आहेत. आणि त्यांतील कित्येक आपल्या मुलाला कोणत्या शाखेला घालावें हें कलचाचणीचा कागद पाहून ठरवितात, म्हणजे कौल त्यांचाहि चालूच आहे, फक्त गुरव निराळा! आमचें भांडण भक्तांशीं आहे, आणि तें भक्तीच्या बाजूनें आहे. ज्या कृत्यास ही मंडळी ‘देवावर भरंवसा’ म्हणतात तें बहुधा जबाबदारींतून काढलेली पळवाट असतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यांत या प्रश्नाला विशेष धार आलेली आहे. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें पवनेकांठच्या खेड्यांचें पाहतां पाहतां शहर झालें. यंदां काय पेरावें एवढाच ज्यांच्या आजोबांपुढें प्रश्न असे, त्यांच्या नातवांपुढें आज जमीन द्यावी कीं राखावी, स्वेच्छानिवृत्ति घ्यावी कीं कारखाना तगेल या आशेवर थांबावें, असले प्रश्न उभे आहेत. पेनिसिलिनच्या त्याच कारखान्याची शिल्लक जमीन विकण्याचें केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानें २०१६ सालीं ठरविलें. तळेगांवच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यांतील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबलें. अशा वेळीं उद्यांचें कांहींच दिसत नाहींसें झालेला कामगार मोरया गोसाव्यांच्या समाधीपुढें जाऊन हात जोडतो, त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार निदान पगारी प्राध्यापकांना नाहीं.

परंतु हात जोडणें निराळें आणि हात झटकणें निराळें. एक घर डोळ्यांपुढें आणूं. हें कोणा एका कुटुंबाचें चित्र नव्हे. अशा अनेक घरांचें मिळून तें झालें आहे. मुलगी इंजिनिअर झाली. चाकणच्या एका कारखान्याचें नेमणुकीचें पत्र हातीं आलें. त्याच आठवड्यांत दूर गांवचें एक चांगलें स्थळहि सांगून आलें. आईबापांना उलगडा होईना. तेव्हां बापानें देवापुढें दोन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर ‘लग्न आतां’, दुसरीवर ‘लग्न वर्षानें’. अक्षर बापाचें, पर्याय बापानें निवडलेले, चिठ्ठी उचलणारें पोर शेजारचें, आणि परिणाम भोगावयाचा मुलीनें! ‘मुलीला विचारावें’ अशी तिसरी चिठ्ठी त्या तबकांत नव्हतीच. मग देवानें ती उचलावी कशी? पुढें सासरीं कांहीं वांकडें झालें तर ‘देवाचीच इच्छा’ म्हणून सगळे मोकळे. न्यायाधीश म्हणून ज्याला पाचारण केलें त्यालाच शेवटीं आरोपी करावयाचें, ही कसली भक्ति? शिवाय चिठ्ठी मनाविरुद्ध निघाली तर ‘तीनदां काढूं’ म्हणणारेहि कांहीं थोडे नाहींत.

यावर आमच्या भाविक मित्रांचें उत्तर ठरलेलें आहे. ते म्हणतात, संतांना दृष्टान्त होत होते तें काय खोटें? खोटें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ते दृष्टान्त काय सांगतात तें तरी नीट पाहावें. मोरया गोसाव्यांची परंपरागत कथा अशी कीं, ते वारंवार चिंचवडाहून मोरगांवास दर्शनाला जात. वार्धक्यांत एकदां पोंचावयास उशीर झाला, देऊळ बंद झालें होतें. त्या रात्रीं स्वप्नांत गणपतीनें सांगितलें कीं आतां मीच चिंचवडास येतों. सगळे पाय झिजल्यावर झालेला हा दृष्टान्त आहे! जाऊं कीं नको, असें विचारावयास मोरया देवाकडे गेलेच नव्हते. तुकारामांची गोष्ट तर याहून कडक आहे. नामदेव पांडुरंगासह स्वप्नांत आले आणि त्यांनीं शतकोटि अभंगांतील उरलेले पुरे करण्याचें काम सांगितलें, अशी कथा आहे. स्वप्नानें त्यांचा कोणताहि प्रश्न सोडविला नाहीं. उलट जन्मभराचें ओझें डोक्यावर दिलें. आमच्या चिठ्ठ्या मात्र डोक्यावरचें ओझें खालीं ठेवावयासाठींच काढलेल्या असतात.

तुकारामांचा आणखी एक प्रसंग आम्हांला येथें फार महत्त्वाचा वाटतो. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळांत त्यांची पहिली बायको व मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढें सावकारीचीं खतें इंद्रायणींत सोडून देण्याचें त्यांनीं ठरविलें. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वांटा आधीं त्यांना वेगळा काढून दिला, आणि आपल्या वांट्याचींच तेवढीं खतें पाण्यांत सोडलीं. देवाच्या भरंवशावर उडी घ्यावयाची ती स्वतःच्या वांट्यापुरती, हा विवेक त्या वैराग्यांतहि सुटला नाहीं. आमचा वरील गृहस्थ काय करतो? मुलीचा वांटा बुडवितो आणि त्याला स्वतःची श्रद्धा म्हणतो.

कोणी गीतेंतील शरणागतीचा दाखला देईल. तोहि आम्हांला मान्य आहे. मात्र अठरावा अध्याय पुरा वाचावा. शरण येण्यास सांगण्याच्या अगोदर थोडेच श्लोक श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो कीं, मीं सांगितलें त्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसें कर. प्रत्यक्ष भगवान रथावर बसलेला असतां ज्यानें निर्णय अर्जुनावर सोपविला, तो आपला निर्णय कागदाच्या घडींत लिहून देईल, ही अपेक्षा आम्हांला उद्धटपणाची वाटते. आणि अर्जुन शरण गेला तरी गाण्डीव त्यालाच उचलावें लागलें.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज हातांत घेऊन देवळांत जाणाऱ्या कामगारानें मिळणाऱ्या रकमेंतून घराचें कर्ज किती फिटतें, मुलांच्या शिक्षणास काय उरतें, हें बायकोबरोबर बसून मांडून पाहिलें असेल, तर त्यानें खुशाल देवापुढें बसावें. त्या बसण्यांत मन स्थिर होतें, भीति ओसरते, स्वतःचा लोभहि कधीं कधीं स्वच्छ दिसूं लागतो. मार्गदर्शन म्हणतात तें याहून फारसें वेगळें असेल असें आम्हांला वाटत नाहीं. मुलीच्या बापालाहि चिंचवडच्या देवळांत तिला बरोबर नेतां आलें असतें. वाटेंत तिला विचारावयास वेळहि मिळाला असता.