धुरांतील साक्षीदार

आपल्या शाळेंतून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी सध्यां अमेरिकेंत मिशिगन राज्यांत यंत्रविद्येचें काम करितो. गेल्या नाताळांत तो घरीं आला असतां मला भेटावयास आला, आणि कुशलप्रश्न संपतांच त्यानें आपल्या मोटारीची गोष्ट काढिली. ती मोटार म्हणजे १९९० सालची माझदा एमएक्स-५. दोघांपुरती जागा, उघडें छत आणि १.६ लिटरचें लहानसें इंजिन. हें वाहन १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आलें, व तेव्हांपासून हौशी मंडळींचें आवडतें होऊन बसलें आहे. या गृहस्थानें तिला टर्बोचार्जर बसविला होता. "सर, ताकद पुष्कळ वाढली," तो म्हणाला. मीं विचारिलें, "आणि आंत काय जळतें आहे, हें तुला कळतें कसें?" तो हंसला, व पुढें जें बोलला त्यावरूनच हा लेख लिहावयाचें मनांत आलें.

पेट्रोलचा एक भाग पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. जळून गेलेला वायु ज्या नळीवाटे बाहेर पडतो, तींत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ सालीं व्होल्वो मोटारींत प्रथम आला. जुन्या तऱ्हेचा सेन्सर १४.७ या एका आंकड्यापाशींच बोलतो: पेट्रोल अधिक झालें तर सुमारें ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाली तर ०.१. किती अधिक, हें तो सांगत नाहीं. रोजच्या जाण्यायेण्यास एवढें पुरे. परंतु टर्बोचार्जर हवा दाबून भरूं लागला, म्हणजे इंजिन फार तापूं नये यासाठीं मिश्रण मुद्दाम दाट, सुमारें ११.५ ते १२ वर ठेवावें लागतें. तेथें १२ आहे कीं १३, हा प्रश्न पिस्टनच्या जिवाचा असतो. आणि जुना सेन्सर मात्र "पेट्रोल अधिक" हेंच पालुपद घोळवीत बसतो. म्हणून वाइडबँड सेन्सर व त्याचें विजेचें यंत्र वेगळें विकत घेऊन बसवावें लागतें. त्यांतील एका सूक्ष्म कप्प्यांत ऑक्सिजन विजेनें आंतबाहेर ओढून समतोल राखितात, व त्यास किती प्रवाह लागला यावरून खरा आंकडा काढितात.

माझें मत असें कीं, हा साक्षीदार आधीं बसवावा, ताकद मागाहून वाढवावी. हौशी लोक क्रम उलटा करितात. कारण टर्बोचार्जर मिरवितां येतो, सेन्सर कोणास दिसत नाहीं.

बसविणेंही निष्काळजीपणाचें काम नव्हे. नळीस भोंक पाडून आट्यांचें कडें वेल्डिंगनें जोडावयाचें. सेन्सर आडव्या रेषेच्या निदान दहा अंश वर व टोंक खालीं असा धरावयाचा, नाहींतर त्यांत पाणी साचतें. आंतील टोंक सातशें अंशांहून अधिक तापलेलें असतें. त्यावर थेंब पडला कीं तडा गेलाच. वरचा सांधा गळका असेल, तर बाहेरची हवा आंत शिरते आणि सेन्सर "हवा अधिक" म्हणतो. ठिणगी चुकली, तर न जळलेलें पेट्रोल तसेंच बाहेर पडत असतांही तो तेंच म्हणतो, कारण उरलेला ऑक्सिजन तेवढा त्यास दिसतो. यांत त्याची लबाडी नाहीं. जें समोर आलें तें त्यानें सांगितलें.

आमच्या विद्यार्थ्याची चूक याहून बारीक होती. त्यानें अर्थिंगची तार जवळ दिसलेल्या बोल्टास जोडिली. इंजिनच्या संगणकाची तार दुसरीकडे होती. दोन्ही जागांमध्यें ०.२ व्होल्टाचा फरक पडत होता. त्याच्या यंत्रांत एका व्होल्टास मिश्रणाचे दोन अंक, म्हणजे ०.४ ची चूक झाली. समोरचें घड्याळ १२.२ दाखवी, संगणक ११.८ लिहून ठेवी. "मग तूं कोणावर विश्वास ठेविलास?" मीं विचारिलें. तो खालीं पाहून म्हणाला, "सर, मला जो आंकडा हवा होता, त्याच्यावर." तीन आठवडे त्यानें तशीच मोटार हांकिली. पिस्टन वाचला, ही देवाची कृपा. पुढें दोन्ही तारा एका जागीं जोडतांच फरक नाहींसा झाला.

हें सर्व दूरदेशचें वाटेल. पण १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चे नियम आले, आणि आमच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरच्या नळींतही असा सेन्सर आहे. कांहीं तरुण आवाजासाठीं विषारी वायु शमविणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकितात, आणि संगणकास तें कळूं नये म्हणून खोटा व्होल्ट देणारी डबी जोडितात. अमेरिकेंत कायद्यानें अशा वस्तूंस बंदी आहे. कायदा राहूं द्या. दहा आज्ञांत खोट्या साक्षीविषयीं एक आज्ञा आहे, ती मला येथें आठवते. मिशिगनमधील मुलगा चुकला, तरी सत्य पाहण्यासाठींच त्यानें तार जोडिली होती. ही डबी जोडणारा सत्य झांकण्यासाठीं पैसे मोजतो. आणि पालकहो, ते पैसे पुष्कळदां तुमच्याच खिशांतून जातात. धूर मात्र शेजाऱ्याच्या लेंकराच्या नाकांत जातो.

यावर, मुलांनीं यंत्रांना हातच लावूं नये असें कोणी म्हणेल, तर तें मला मुळींच मान्य नाहीं. त्या विद्यार्थ्यानें मोटारीचा जुना सेन्सर काढून आपल्या प्रयोगशाळेस दिला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. बर्नरच्या ज्वालेंत धरिला असतां व्होल्टमीटरचा कांटा कसा उचलतो, तें मी दाखवीन.