‘पारंपरिक’ या शब्दामागे हरवलेला गीतकार

अहिवारा (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई पोलाद प्रकल्पाला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींच्या शेजारी वसलेले अहिवारा हे दुर्ग जिल्ह्यातील लहानसे शहर. हा सारा पट्टा पंथी, पंडवानी आणि नाचा यांचा. कारखान्यातील नोकरी आणि मंचावरील कला या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने सांभाळण्याची येथे जुनी रीत आहे. पद्मविभूषण तीजनबाई यादेखील भिलाई पोलाद प्रकल्पाच्या सेवेत होत्या. या भागात गायिले जाणारे गाणे आता गावच्या चौकात थांबत नाही. मोबाइलवर टिपले जाते, यूट्यूबवर चढते, दुसऱ्या राज्यातील एखाद्या संगीत कंपनीच्या नावाने परत येते. त्या वेळी गीतकाराच्या जागी बहुधा एकच शब्द छापलेला असतो : ‘पारंपरिक’.

स्वामित्वहक्काच्या, म्हणजेच कॉपीराइटच्या दृष्टीने कलावंताचे सर्वाधिक नुकसान याच शब्दाने केले आहे. चोरी निदान ओळखता येते. ‘पारंपरिक’ हा शिक्का मात्र आदरासारखा दिसतो आणि त्याच्याखाली खराखुरा, नाव-गाव असलेला माणूस पुसला जातो.

छत्तीसगडमध्ये याचे सर्वपरिचित उदाहरण ‘ससुराल गेंदा फूल’ हे आहे. २००९ मध्ये ‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटातून ते देशभर पोहोचले. संगीतकार म्हणून ए. आर. रहमान आणि गीतकार म्हणून प्रसून जोशी यांची नावे झळकली. छत्तीसगडच्या श्रोत्यांना मात्र हे गाणे त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते आणि रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजाशी ते जोडलेले होते. ‘गेंदा फूल’ हेच शब्द ११ वर्षांनी पुन्हा वादात आले, ते बंगालमध्ये. २०२० मध्ये गायक बादशाह यांच्या गाण्यात ‘बोरोलोकेर बिटी लो’च्या ओळी आल्या आणि श्रेय बंगाली लोकगीताला देण्यात आले. त्या ओळींचे कर्ते म्हणून बीरभूमचे रतन कहार यांचे नाव समाजमाध्यमांवर पुढे आले, तेव्हा बादशाह यांनी त्यांना ५ लाख रुपये पाठविले. २०२४ मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली. पैसे मिळाले, सन्मान मिळाला. पण हे सारे सदिच्छेने झाले, हक्काने नव्हे. हाच फरक कलावंताने समजून घेण्याजोगा आहे.

कायद्याची मांडणी तशी स्पष्ट आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ हा परंपरेला संरक्षण देत नाही, निर्मात्याला देतो. पंडवानीची शैली, पंथीचा ठेका, लावणीचा बाज यांवर कोणाचीही मालकी नाही आणि ती असूही नये. तशी मालकी आली असती, तर लोककला एका पिढीत संपली असती. परंतु त्या शैलीत एखाद्या व्यक्तीने नवे गीत रचले, नवी चाल बांधली, तर ती रचना त्या व्यक्तीची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शिवराम कारंत यांच्या यक्षगान-नृत्यनाट्यांच्या वादात हीच रेषा धरली. यक्षगान शेकडो वर्षांचे; पण कारंतांनी त्यात घडविलेल्या नव्या नाट्यरचनांचे हक्क मृत्युपत्रानुसार त्यांच्या वारसदार मालिनी मल्ल्या यांच्याकडे गेले, असे न्यायालयाने मानले. पंडवानी किंवा नाचा यांत नवी संहिता रचणाऱ्यालाही हाच न्याय लागू पडावा.

दुर्गच्या परिसरात अशा नव्या रचनांची वाण नाही. आडनावावरून मराठी वाटावेत असे, पण मूळ छत्तीसगडी असलेले दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये दुर्गजवळच्या बघेरा येथे ‘चंदैनी गोंदा’ हा लोकनाट्याचा उपक्रम उभा केला. त्याची गीते प्रामुख्याने लक्ष्मण मस्तुरिया यांची, संगीत खुमान साव यांचे. आज ती गाणी लग्नात, जत्रेत, प्रचारसभेत वाजतात आणि अनेकांना ती लोकगीतेच वाटतात. कवीच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र मस्तुरिया यांचे निधन २०१८ मध्ये झाले असल्याने त्यांच्या शब्दांवरील हक्क ३१ डिसेंबर २०७८ पर्यंत जिवंत आहे; लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे, असा नियम आहे. महाराष्ट्रातही चित्र निराळे नाही. ‘माझी मैना’ ही छक्कड गाणाऱ्या कित्येकांना ती अण्णा भाऊ साठे यांची आहे हे ठाऊक नसते. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे साहित्य २०२९ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या गीतांचा हक्क २०६४ पर्यंत चालेल, आणि तरीही जयंतीच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या ध्वनिफितींवर त्यांचे नाव शोधावे लागते.

हक्क आहे, मग अडते कोठे? अडते पुराव्यापाशी. अलीकडच्या एका गाजलेल्या वादाने हे फार कठोरपणे दाखविले. ‘पोन्नियिन सेल्वन-२’ या चित्रपटातील ‘वीरा राजा वीरा’ हे गीत डागर घराण्यातील ‘शिवस्तुती’वर बेतले आहे, असा दावा उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायमूर्तींनी अंतरिम आदेश त्यांच्या बाजूने देऊन श्रेयनामावलीत बदल करण्यास आणि २ कोटी रुपये न्यायालयात जमा करण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. कारण लक्षात घेण्यासारखे आहे : रचना प्रथम कोणी सादर केली यावरून ती कोणी रचली हे आपोआप सिद्ध होत नाही. हा निवाडा अंतरिम टप्प्यावरील आहे हे खरे. पण गुरुमुखातून शिकून मंचावरच नवे रचणाऱ्या आपल्या संगीतपरंपरेसाठी तो गंभीर इशारा आहे. डागरांसारख्या नामवंत, ध्वनिमुद्रणे उपलब्ध असलेल्या घराण्याला कर्तेपण प्रथमदर्शनी दाखविता आले नाही, तर ज्याच्या गाण्याची वहीदेखील नाही त्या गायकाचे काय?

म्हणून नोंदणीकडे केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहता येत नाही. कायद्याने ती सक्तीची नाही. रचना कागदावर, ध्वनिफितीत किंवा अन्य रूपात उतरली की हक्क निर्माण होतो, आणि नोंदणीशिवायही दावा चालतो असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते आणि ते नाकारण्याचे ओझे समोरच्यावर जाते. साहित्य, संगीत किंवा चित्रकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. स्वतःलाच रजिस्टर्ड टपाल पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याचा जुना तोडगा अजूनही सुचविला जातो. त्याला कायद्यात नोंदणीसारखे स्थान नाही. त्यापेक्षा तारखेसह केलेले साधे ध्वनिमुद्रण, मूळ खर्डे, कार्यक्रमपत्रिका आणि संहिता कोणाला, केव्हा पाठविली याचे ईमेल अधिक उपयोगी ठरतात. मे २०२० मध्ये ‘बेताल’ या वेबमालिकेचे प्रसारण रोखण्यासाठी एक मराठी लेखक मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मालिकेची वार्ता बरीच आधी प्रसिद्ध होऊनही ते अगदी अखेरच्या क्षणी आले, हे त्यांच्या विरोधात गेले आणि त्यांना अंतरिम दिलासा मिळाला नाही. त्यांची संहिता निर्मात्यांपर्यंत पोहोचली होती का, हा प्रश्नही तेथे कळीचा ठरला.

खरी लढाई मात्र न्यायालयात पोहोचण्याच्या बरीच आधी, स्वाक्षरीच्या क्षणी हरली जाते. स्टुडिओत गाणे झाले, हातात काही हजार रुपये पडले आणि ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशा मजकुराच्या कागदावर सही झाली, ही कथा रायपूर, नागपूर, कोल्हापूर कोठेही सारखीच. येथे कायदा कलावंताच्या बाजूने बराच झुकलेला आहे, पण त्याची कल्पना फार थोड्यांना असते. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीत असल्याशिवाय ग्राह्य नाही. कोणती रचना, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती स्वामित्वधन हे त्यात असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. करार होताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते, त्यातील वापराचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाही. कॅसेटच्या काळातील कराराच्या बळावर आज स्ट्रीमिंगचे उत्पन्न घेणाऱ्यांना हा प्रश्न विचारता येतो.

सर्वांत महत्त्वाची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीची. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीताचा कवी आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील आपला समान वाटा विकताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी आयपीआरएससारख्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो. त्याविरुद्धचा करार निरर्थक ठरतो. ‘मी तर सगळेच विकून बसलो’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात सगळे विकलेले नसते. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते, इतकेच. आणि हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव लागण्याचा, तसेच रचनेची विटंबना रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

भिलाईसारख्या कारखानदारीच्या गावात आणखी एक शंका नेहमी असते : नोकरदाराने लिहिलेले गाणे कंपनीचे होते का? नोकरीच्या कामाचा भाग म्हणून निर्माण केलेली कृती, करारात अन्यथा नसेल तर, मालकाची असते. भट्टीवर काम करणाऱ्याने घरी बसून रचलेले भजन त्या कामाचा भाग नव्हे. ते त्याचेच. व्यक्तिचित्र रंगवून देणाऱ्या चित्रकाराची गोष्ट वेगळी : मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून केलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, काम सांगणारा ठरतो. चित्रकारांनी कामाच्या पावतीवरच एक ओळ वाढविणे त्यांच्या हिताचे आहे.

ज्याने रचले नाही, केवळ सादर केले, त्याचे काय? कायद्याच्या व्याख्येत ‘प्रयोगकर्ता’ म्हणून गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. या यादीत आपल्या जत्रांचा वास आहे. प्रयोगकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो; संमतीविना त्याचे सादरीकरण मुद्रित करता येत नाही आणि मुद्रणाचा व्यापारी वापर झाल्यास त्याला स्वामित्वधन मागता येते. पंडवानीच्या कथेवर कोणाचा हक्क नसला, तरी त्या रात्रीच्या त्या गायनावर गायिकेचा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. आपल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून अंतरिम संरक्षण मिळाले. दुर्गच्या गायिकेला ते मिळविणे कितपत परवडेल, हा प्रश्न उरतोच. केंद्राच्या समितीने डिसेंबर २०२५ मधील कार्यपत्रिकेत एआय कंपन्यांना सक्तीचा परवाना आणि त्या बदल्यात निर्मात्यांना स्वामित्वधन अशी योजना सुचविली आहे. योजना अमलात आली, तर पैसे वाटले जातील ते ज्यांची नावे कोठेतरी नोंदलेली आहेत त्यांनाच. ‘पारंपरिक’ या नावाचे बँक खाते नसते.

उल्लंघन झाल्यावरचे मार्ग वाटतात तितके दूरचे नाहीत. संकेतस्थळाला लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत वादग्रस्त मजकूर रोखावा लागतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखविला नाही, तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. जाणीवपूर्वक केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असे उत्तर मिळाले, तर हा निकाल पुढे करता येतो. दाव्यासाठी प्रतिवादी कंपनीच्या शहरात जाण्याचेही बंधन नाही. कंपनी मुंबईची असली, तरी फिर्यादी जेथे राहतो तेथील अधिकारक्षेत्राच्या न्यायालयात दावा दाखल करण्याची मुभा अधिनियमाच्या कलम ६२ ने दिली आहे. अहिवाऱ्याच्या गायकाचा दावा छत्तीसगडमध्येच चालू शकतो.