फॉरमॅट मारून दोषी सापडत नाही

आमच्या धंद्यात एक वाईट खोड पडली आहे. निळी स्क्रीन येऊन संगणक बंद पडतो अशी तक्रार आली, की पाहण्याआधीच उत्तर तयार असतं: फॉरमॅट मारावा लागेल. त्याने भागलं नाही तर रॅम बदला, मग वीज पुरवणारा एसएमपीएस बदला. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, फोटो-हिशेब जातात आणि काही दिवसांत तोच संगणक पुन्हा टेबलावर येतो. कोल्हापुरात मी दुरुस्तीचं दुकान चालवते. नव्या असेंबल्ड मशिनी बघून माझं मत पक्कं झालं आहे, की पहिला संशय माउस, कीबोर्ड, पंखे आणि रंगीत दिवे यांच्यासोबत येणाऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर घ्यायला हवा.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका मुलाची मशीन अशीच आली. रात्री रेंडर लावून तो झोपायचा आणि सकाळी बघावं तर मशीन रीस्टार्ट होऊन लॉगिनवर थांबलेली. दुसरीकडे फॉरमॅट मारून झाला होता, रॅम आणि एसएमपीएसही नवे होते. मी आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं मिनीडंप उघडलं. कोसळताना विंडोज त्या क्षणाची नोंद तिथे छोट्या फाइलमध्ये ठेवून जातं आणि ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट मिळणारं साधन ती वाचून दाखवतं. प्रत्येक नोंदीत एकाच ‘सिस’ फाइलचं नाव होतं. रॅम खराब असली की बहुधा दर वेळी वेगवेगळी नावं येतात. इथलं नाव होतं रॅमवरच्या दिव्यांचे रंग बदलणाऱ्या ड्रायव्हरचं, म्हणजे हार्डवेअर आणि विंडोज यांना जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं.

त्या मशीनमध्ये अशी तीन सॉफ्टवेअर नांदत होती: मदरबोर्डचं, रॅमच्या दिव्यांचं आणि पंख्यांचं. मदरबोर्डवर एसएमबस नावाचा एक अरुंद मार्ग असतो. रॅमचे दिवे आणि तापमानाचे सेन्सर अनेकदा त्यावरूनच बोलतात. तिघांनी एकाच वेळी त्या मार्गावर हात घातला, की कोणाचं उत्तर कोणाला जाईल याचा नेम नाही. फॉरमॅट करूनही हे का थांबलं नाही? कारण मदरबोर्डचं सॉफ्टवेअर बायोसमधूनच परत येत होतं. विंडोज 8 पासून अशी सोय आहे, की मदरबोर्डच्या चिपमध्ये ठेवलेला प्रोग्राम विंडोज सुरू होताना आपोआप चालवतं. बाकीची दोन तो मुलगा दिवे हवेत म्हणून स्वतः टाकत होता.

बायोसमधला तो पर्याय बंद केला आणि तिन्ही सॉफ्टवेअर काढली. अनइन्स्टॉल केल्यावरही ड्रायव्हर बऱ्याचदा मागे राहतात, तेही शोधून काढले. दिवे आता कंपनीच्या मूळ रंगातच लागतात. रेंडर मात्र पहाटेपर्यंत पूर्ण होतो.

ब्राउझरसारखा साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. ही सॉफ्टवेअर मात्र आपला ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसवतात आणि तिथली एक चूक सगळी मशीन पाडते. भिंत रंगवायला आलेल्या माणसाला इमारतीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या देण्यासारखंच हे आहे.

रोग जुना आहे. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोत बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज 98 चं प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच निळी स्क्रीन आली होती. 2003 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिहिलं, की विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदलेल्या बिघाडांपैकी 85 टक्क्यांचं कारण ड्रायव्हर होते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशिनी पाडल्या. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तेही कर्नलमध्ये बसणारंच सॉफ्टवेअर. पण सुरक्षेच्या सॉफ्टवेअरला गाभ्यात जागा का लागते, याचं काहीतरी कारण देता येतं. दिव्यांचे रंग बदलायला ती कशासाठी हवी?

यातला सगळ्यांत संतापजनक प्रकार विनरिंगझिरोचा. अनेक फॅन-कंट्रोल आणि दिव्यांच्या सॉफ्टवेअरनी हा एकच तयार ड्रायव्हर उचलून वापरला. साध्या प्रोग्रामलाही थेट हार्डवेअरपर्यंत पोचता यावं अशी त्याची रचना आहे. त्याचा दोष 2020 मध्येच जाहीर झाला होता. तरी तो वर्षानुवर्षं लोकांच्या मशिनींत जात राहिला आणि मार्च 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने त्याला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. मग पंखे नियंत्रित करणारे प्रोग्राम एकाएकी बंद पडले, आणि दोष काय ते सामान्य वापरणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

दुसरी वाट उपलब्ध आहे, म्हणून कंपन्यांना मी माफ करायला तयार नाही. माउस-कीबोर्डसाठी एचआयडी हे मानक 1990च्या दशकापासून आहे. वेगळं काही न टाकता ते चालतात. काही माउसमध्ये सेटिंग माउसच्याच मेमरीत साठवता येतं, ते एकदा करून सॉफ्टवेअर काढून टाकावं. दिव्यांसाठी विंडोज 11 मध्ये 2023 पासून स्वतःची डायनॅमिक लायटिंग सोय आहे. कंपन्यांनी ती वापरावी आणि कर्नल ड्रायव्हर टाकणार असतील तर तसं खोक्यावर ठळक छापावं.

रॅम आणि एसएमपीएसही खराब निघतात, नाही असं नाही. मेमटेस्ट रात्रभर लावला की रॅमचं बहुधा कळतं. पण तपासणी आधी, फॉरमॅट नंतर. तेव्हा वाचकांनो, माउस, कीबोर्ड किंवा पंखा घेताना दुकानदाराला विचारा: ‘हे सॉफ्टवेअर न टाकता चालतं का?’ आणि दुरुस्तीवाल्याने तोंडी फॉरमॅट सांगितला, तर मिनीडंपमध्ये कोणत्या फाइलचं नाव आलं ते आधी कागदावर लिहून मागा.