औषधाबरोबर सोबतही मंजूर करा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, महाराष्ट्र

महोदय,


मी लातूर जिल्ह्यातली एक शिक्षिका. मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. आम्ही रुग्ण त्याला सीएमएल म्हणतो. रोज एक गोळी घेते, ठरल्या वेळी रक्त तपासून घेते आणि शाळेत जाऊन वर्ग घेते. आपल्याकडे माझी मुख्य मागणी अशी आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ज्या ज्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावर उपचार होतात, तिथे निदान झालेल्या प्रत्येक माणसाला एक सोबती भेटावा. हा सोबती स्वतः या आजारातून गेलेला, रीतसर प्रशिक्षण घेतलेला आणि मानधनावर नेमलेला असावा.

ही मागणी भावनेपोटी केली आहे असं कोणाला वाटेल. पण माझ्या मते ती उपचाराचीच मागणी आहे, आणि तसं का वाटतं ते सविस्तर मांडते.

कर्करोग म्हटलं की आपल्याकडे गाठ, ऑपरेशन आणि तंबाखू एवढंच डोळ्यांपुढे येतं. ल्युकेमियात कापून काढावं असं काही नसतं, आणि ज्याने जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही त्यालाही तो होतो. मग भेटायला येणारी माणसं विचारतात, "कुठल्या भागाला झालाय?" "व्यसन नव्हतं ना, मग कसा काय झाला?" माणसं मायेनेच विचारतात, पण ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याला हे प्रश्न आरोपीसारखं उभं करतात. हळूहळू घर गप्प होतं. कुठे ताटवाटी वेगळी होते. मुलीची सोयरीक जुळायची असेल तर आईच्या आजाराचं नाव उंबऱ्याबाहेर जात नाही.

वास्तविक सीएमएल एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि आईबापांकडून मुलांकडेही जात नाही. नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जन्मानंतर केव्हातरी अस्थिमज्जेतल्या एका पेशीत आपसांत बदलतात, आणि तिथून पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ सुरू होते. १९६० साली पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना ते आखूड झालेलं गुणसूत्र दिसलं. १९७३ साली जॅनेट राउली यांनी त्यामागची अदलाबदल दाखवून दिली. विज्ञानाला अर्धशतकापूर्वी कळलेली ही गोष्ट आमच्याकडच्या घरांत वेळेवर पोचत नाही, कारण ती सांगायला बसेल असं कोणी नसतं.

औषधाची गोष्टही आपल्याला आठवत असेल. २००१ साली इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि काही वर्षांत माणूस घेऊन जाणारा हा आजार गोळीवर आवाक्यात राहू लागला. पण मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. इथल्या जेनेरिक गोळ्या त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळत. भारतात या औषधावर एकाधिकार मिळू नये म्हणून जे लढले, त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था पुढे होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. माझ्यासारख्या शिक्षिकेला, शेतमजुराला, रिक्षावाल्याला आज ही गोळी मिळते, त्यामागे रुग्णांची बाजू घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांची चिकाटी आहे.

आता सरकारी योजना आली आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेल्या या कामाला २०१७ साली महात्मा फुले यांचं नाव मिळालं. आज कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. राज्यातली असंख्य घरं त्यामुळे कर्जातून वाचली, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. आपण औषध रुग्णाच्या हातापर्यंत आणलंत. ते घेणारा माणूस मात्र महिनोन् महिने घरी एकटा असतो, आणि उपचार फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

सीएमएलच्या रुग्णाला काही महिन्यांत बरं वाटू लागतं. थकवा जातो, भूक लागते, डाव्या बरगडीखालचा जडपणा कमी होतो. घरचे म्हणतात, आता कशाला रोज ती गोळी? गोळीमुळे रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळ्यांखाली सूज असते, म्हणून रुग्णही एक दिवस आड घेऊ लागतो. डॉक्टरांना सांगत नाही. रक्तात आजार किती उरला ते मोजणाऱ्या पुढच्या पीसीआर तपासणीत आकडा वर गेलेला असतो. गोळ्या चुकवणं हे औषध निकामी ठरण्याचं नेहमी आढळणारं कारण आहे. लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच सासरी गेलेल्या मुलीचा प्रश्न वेगळाच असतो. या गोळ्या चालू असताना दिवस जाऊ देता येत नाहीत, त्याचं नियोजन डॉक्टरांशी बोलून आधी करावं लागतं. भरलेल्या ओपीडीत, सासूसमोर, ती हे विचारणार कशी?

तीव्र ल्युकेमियात तर बोलायलाही उसंत नसते. काही दिवसांत केमो सुरू होते. केमोनंतर पेशी खाली गेलेल्या असताना ताप १००.४ अंशांवर गेला तर लगेच रुग्णालय गाठायचं असतं. गावात मात्र तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. प्लेटलेट्स पडल्या की नातेवाईक रात्री-अपरात्री दाते शोधत फिरतात. प्लेटलेट्स साठवून ठेवायचा काळ जेमतेम पाच दिवसांचा असल्यामुळे दात्यांची यादी हाताशी असावी लागते, हेही कोणी आधी सांगितलेलं नसतं. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. पोर खेळू लागलं, केस परत आले की आईबापांना वाटतं झालं बरं, आणि उरलेला उपचार सुटतो. टाटा मेमोरियलच्या बालकर्करोग विभागाने राहण्याची, जेवणाची, समुपदेशनाची सोय केली, जे मूल तारखेला आलं नाही त्याच्या घरी फोन जाऊ लागला, तेव्हा उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. औषधं तीच होती, त्यांना सोबतीची जोड मिळाली.

मला ही सोबत योगायोगाने मिळाली. निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आजाराचं नाव सांगितलं, गोळी लिहून दिली. बाहेर रांग होती. त्यांच्यापाशी याहून जास्त वेळ नव्हता. पुढे रक्त द्यायला बाकावर बसले असताना शेजारच्या तालुक्यातले शिंपीकाम करणारे एक गृहस्थ म्हणाले, "ताई, नव्या आहात का?" मी मान हलवली. "गोळी जेवण झाल्यावरच घ्या बघा, भांडंभर पाण्यासंगं. मळमळ कमी होते. पायात गोळे येतील, डोळे सुजतील, भिऊ नका. पण डॉक्टरला सांगा. आपल्या मनानं बंद करू नका." मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. कैक वर्षं गोळी चालू होती, दरम्यान त्यांनी मुलीचं लग्न केलं, दुकान वाढवलं. माझ्यापुढे हाच आजार घेऊन जगणारा एक धडधाकट माणूस बसला होता, आणि या आजारात पुढचं आयुष्य असतं हे मला त्याच्याकडे पाहून पटलं. सीएमएल रुग्णांच्या फ्रेंड्स ऑफ मॅक्स या गटाचं नावही मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकलं.

असा माणूस भेटणं नशिबावर सोडू नये, एवढंच मी मागते आहे.

मुंबईत आधाराची मोठी परंपरा आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली परळला उभं राहिलं आणि त्याच्या भोवती हळूहळू माणुसकीची ठिकाणं वसली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड यांची केंद्रं, धीर द्यायला वॉर्डात येणारे व्ही केअरसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. गावाकडून निघालेल्या माणसाला तिथे पाठ टेकायला जागा आणि बोलायला माणूस मिळतो. पण उपचार जिल्ह्याच्या जवळ यावेत म्हणून आपली योजना आहे. ते तसे येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या मागोमाग ही सोबतही परळहून बार्शीला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, लातूरला यायला हवी.

यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. २००४ साली देशात एचआयव्हीची मोफत औषधं देणारी एआरटी केंद्रं सुरू झाली. तिथे समुपदेशक असतात, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींनाच काळजी समन्वयक म्हणून नेमण्याची पद्धत आहे. गोळी चुकवणाऱ्याला शोधणं, घरच्यांशी बोलणं, भीती घालवणं ही कामं ते करत आले आहेत. क्षयरोग कार्यक्रमात बऱ्या झालेल्या रुग्णांना टीबी चॅम्पियन म्हणून तयार केलं जातं. रोज गोळी घेत वर्षानुवर्षं जगायच्या आजारात त्या वाटेने गेलेला माणूस किती उपयोगी पडतो, हे सरकारी यंत्रणेने स्वतःच अनुभवलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

पहिली, योजनेतल्या ज्या रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगाचे उपचार होतात, तिथे आरोग्यमित्राच्या शेजारी एक रुग्णसोबती नेमावा. आरोग्यमित्र रेशनकार्ड, आधार, नोंदणी आणि मंजुरी पाहतो. हा सोबती माणसाकडे पाहील. निदानानंतर आठवड्याभरात रुग्णाशी आणि घरच्या एका माणसाशी त्याची निवांत भेट व्हावी, आणि तिची नोंद फाइलमध्ये असावी. स्त्री रुग्णांशी बोलायला स्त्री सोबती असावी.

दुसरी, प्रत्येक रुग्णाला साध्या मराठीत छापलेला कागद मिळावा. आजाराचं नाव, गोळी कशी घ्यायची, कुठली तपासणी केव्हा, ताप आला तर काय करायचं, रात्री कोणाला फोन करायचा, रेल्वे आणि एसटीच्या सवलतीचा दाखला कुठे मिळतो, हे सगळं त्यात असावं.

तिसरी, ठरल्या तारखेला न आलेल्या रुग्णाला फोन जावा. चौकशीच्या सुरात नव्हे, आपल्या माणसाची विचारपूस करावी तसा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रुग्णच रुग्णाला सांगू लागले तर चुकीचे सल्ले पसरतील, काढे आणि भोंदूबाबा आत येतील. म्हणूनच प्रशिक्षण, देखरेख आणि मानधन हवं. औषधाबद्दल सोबत्याने स्वतः काही ठरवायचं नाही, प्रश्न डॉक्टरांपर्यंत न्यायचा. एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही. हे नियम लेखी असावेत. आज ही जागा रिकामी आहे, म्हणून भोंदूबाबा तिथे आधी पोचतो.

खर्चाचाही विचार व्हावा. अर्धवट सुटलेला उपचार पुन्हा सुरू होतो तेव्हा आजार पुढे गेलेला असतो, औषधं महाग झालेली असतात, कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ येते. सोबत्याचं मानधन त्याच्यापुढे किरकोळ ठरेल. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी रक्ताच्या कर्करोगावर घडवलेल्या कार-टी या उपचाराला २०२३ साली देशात मान्यता मिळाली. एवढी झेप घेणाऱ्या राज्याला एक खुर्ची, एक फोन आणि एक प्रशिक्षित माणूस जड नाही.

सुरुवात मराठवाड्यातल्या एका रुग्णालयापासून करावी. वर्षभर किती रुग्ण तारखेला आले, किती जणांचा उपचार सुटला, हे मोजावं आणि मग राज्यभर निर्णय घ्यावा. पहिल्या प्रशिक्षणाला मी येईन. गोळीवर वर्षानुवर्षं कामधंदा करणारे, शेती पाहणारे, मुलं वाढवणारे अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत, तेही येतील. माणसं तयार आहेत, त्यांच्या नेमणुकीचा आदेश आपण काढावा.

आपली नम्र,
सीएमएलसह जगणारी एक शिक्षिका
जिल्हा लातूर